नदीला 'व्यक्ती' ठरवलं, म्हणजे माओरींना नदी परत मिळाली का?

खडकवाट (धागाकर्ता)

'ते उरेवेरा' नावाचं जंगल २०१४ मध्ये, वांगानुई नदी २०१७ मध्ये आणि तारानाकी पर्वत २०२५ च्या जानेवारीत. न्यूझीलंडच्या संसदेने एकेक करून या तिघांना कायद्याने 'व्यक्ती' ठरवलं. दर वेळी आपल्याकडच्या रविवार पुरवण्यांत तोच सूर लागतो: बघा, गोऱ्यांनाही शेवटी आदिम शहाणपणापुढे मान तुकवावी लागली. मला हा सूर पटत नाही.

उरेवेरा घ्या. तिथल्या तूहोए या माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, जमातीने १८४० च्या वायटांगी करारावर (इंग्रज आणि माओरी प्रमुखांमधला करार) सहीच केली नव्हती. तरी त्यांची जमीन गेली आणि उरलेल्या रानावर राष्ट्रीय उद्यानाची पाटी लागली. वाटाघाटीत तूहोएंचं मागणं साधं होतं, आमचं रान आमच्या मालकीचं करा. २०१० मध्ये पंतप्रधान जॉन की यांनी मालकी देणार नाही असं जाहीर केलं. मग तोडगा निघाला की रान ना सरकारचं, ना तुमचं, रान स्वतःचंच. वांगानुईचंही तेच. १९०३ च्या एका कायद्याने, तोही कोळसा खाणींचा, होडी चालेल अशा नद्यांचं पात्र सरकारने स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. २०१७ मध्ये सरकारकडे असलेला पात्राचा भाग नदीच्या नावे झाला, पण पाण्यावर कुणाचाही मालकी हक्क मान्य झाला नाही. वर टोंगारिरो वीज प्रकल्पासाठी नदीच्या उगमाकडचं पाणी वळवलेलं आहे, त्याचे परवाने तसेच चालू राहिले.

म्हणजे मालकीचा प्रश्न सुटेना, म्हणून तो गुंडाळून ठेवला. आणि 'कायदेशीर व्यक्ती' ही कल्पना कुठली? कंपनी कायद्यातली. माओरींच्या लेखी नदी ही पूर्वज आहे. माणूस तिच्या वंशावळीत येतो, तिच्या धाकात राहतो. कायद्याने तिच्यावर दोन पालक नेमणं म्हणजे जिवंत पणजोबांना अज्ञान ठरवून त्यांचा कारभार नातवंडांकडे देण्यासारखं आहे. हा विजय कसला?

जुई_हॅमिल्टन

असहमत. तुम्ही हे असं लिहिलंय की जणू सरकारने वरून काहीतरी टाकलं आणि माओरींनी ते भोळेपणाने उचललं.

वांगानुईकाठच्या लोकांची पहिली गाऱ्हाणी संसदेकडे गेली ती १८७० च्या दशकात. त्यांचे वाम मासे पकडायचे लाकडी बांध पर्यटकांच्या आगबोटींना अडचण होतात म्हणून उखडले गेले. पात्रातली रेती-खडी उपसली गेली. १९३८ पासून पात्राच्या मालकीचा दावा एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात फिरला आणि १९६२ मध्ये ते हरले. एवढं सगळं पचवलेली माणसं वाटाघाटीला बसली होती. त्यांना कंपनी कायदा कुठून आला हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

कायद्यात काय आलंय तेही बघा. डोंगरापासून समुद्रापर्यंत नदी एक अखंड, सजीव देह आहे, तिच्या उपनद्यांसह आणि जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्यासह. हे वाक्य कुठल्याही कंपनीच्या घटनापत्रात नसतं. 'मी नदी आहे, नदी मी आहे' ही त्यांची जुनी म्हण कायद्याच्या कलमांत आहे. नदीवर परिणाम होईल असा निर्णय घेताना स्थानिक परिषदांना हे विचारात घ्यावंच लागतं. तुम्ही ज्यांना पालक म्हणता त्यांना कायदा नदीचा मानवी चेहरा म्हणतो. एक जमातींनी नेमलेला, एक सरकारने. म्हणजे ते नदीच्या वतीने बोलतात, नदीवर अधिकार चालवत नाहीत.

पळवाट असेल, पण ती शोधण्यात माओरींचं डोकं निम्म्याहून जास्त होतं.

अण्णा_पंचवटी

जुईताईंशी बराचसा सहमत. एक भर घालतो. 'कायदेशीर व्यक्ती' म्हटलं की सगळे कंपनीकडे धावतात. आपल्याकडे देवस्थानाच्या इनाम जमिनीचा सातबारा काढून बघा, तिथे देवाचं नाव असतं. मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे हे तर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही १९२५ मध्ये मान्य केलं होतं. तेव्हा माणूस नसलेल्याला कायद्यासमोर उभं करणं ही काही केवळ गोऱ्यांची युक्ती नव्हे.

आता गंगेचं. न्यूझीलंडचा कायदा झाला त्याच महिन्यात, २० मार्च २०१७ ला, उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं. पालक कोण? नमामि गंगेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता. सगळे सरकारी! ज्याच्या नाकर्तेपणाची तक्रार, त्याच्याच ओटीत नदी घातली. पुढे राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेलं की पुरात नुकसान झालेल्यांनी नदीवर दावा ठोकला तर भरपाई कुणी द्यायची, आणि जुलैमध्ये त्या निकालाला स्थगिती मिळाली. गंगेच्या काठच्या एकाही नावाड्याला किंवा कोळ्याला कुणी विचारलं नव्हतं. वांगानुईच्या कायद्यामागे दीडशे वर्षं भांडलेली माणसं होती. धागाकर्त्यांनी फरक इथे शोधावा.

रोखठोक

वा! गोरे खलनायक, आदिवासी संत, आणि नदी देवी. जमलं सगळं.

मोरिओरी हे नाव ऐकलंय का कुणी? न्यूझीलंडच्या पूर्वेकडच्या चॅथम बेटांवरची माणसं. नुनुकू नावाच्या पूर्वजाने त्यांना मनुष्यहत्या करायची नाही असा दंडक घालून दिला होता आणि तो ते पाळत. १८३५ मध्ये माओरींच्या दोन जमाती जहाजाने तिथे उतरल्या. मोरिओरी जमले, चर्चा केली, दंडक मोडायचा नाही असं ठरवलं. शेकडो मारले गेले, उरलेले गुलाम झाले. वायटांगी करार तेव्हा पाच वर्षं लांब होता. तिथे 'आम्ही भूमीची लेकरं' हा विचार कुठे गेला होता? जिंकणारा घेतो. आधी यांनी घेतलं, मग इंग्रजांनी. आता एकालाच भरपाई मागायचा हक्क का?

पाणकळा

रोखठोक, गोष्ट खरी आहे. फक्त तुम्ही ती अर्ध्यावर सोडलीत.

त्या जमाती बंदुका घेऊन युरोपियन जहाजातून गेल्या होत्या हे बाजूला ठेवू, मारणारे हात त्यांचेच होते. पुढे १८७० मध्ये चॅथमच्या जमिनीचं प्रकरण इंग्रजांच्या 'नेटिव्ह लँड कोर्टा'त आलं. मोरिओरींनी दावा केला, आम्ही इथले मूळचे. कोर्टाने नियम लावला की १८४० मध्ये ताबा कुणाचा होता ते बघायचं, आणि ९७ टक्के जमीन हल्लेखोरांच्या जमातीला दिली. जिंकणारा घेतो, हे तत्त्व तिथे शिक्का मारून कायम कुणी केलं ते तुम्हीच सांगा.

दुसरं, भरपाईचा आधार 'माओरी सज्जन होते' हा कधीच नव्हता. इंग्लंडच्या राणीच्या प्रतिनिधीने करार केला, माओरी प्रतीत जमिनी आणि जमातप्रमुखांचा अधिकार अबाधित राहील असं लिहून दिलं आणि पाचशेहून अधिक प्रमुखांच्या सह्या घेतल्या. त्यातल्या बहुतेकांनी सही केली ती याच माओरी प्रतीवर. सही करणाऱ्याने शब्द पाळावा, एवढाच मुद्दा आहे. समोरचा संत नसला तरी करार करारच असतो.

(अवांतर: मोरिओरींबरोबरही सरकारने अलीकडे समझोता केला आहे. तेव्हा 'एकालाच' हेही बरोबर नाही.)

ऑकलंडचा_पक्या

इथे राहणाऱ्याचं पण ऐका की जरा. मी आलो नोकरीसाठी, टॅक्स भरतो, कुणाची जमीन लुटली नाही. इथे माओरींवर सैन्य चालून गेलं त्या १८६३ मध्ये माझे पणजोबा साताऱ्यात स्वतःच इंग्रजांना शेतसारा भरत होते. मग मी कशाला अपराधी वाटून घ्यायचं? आणि ऑफिसात प्रत्येक मीटिंगच्या आधी माओरी प्रार्थना. अर्ध्या लोकांना अर्थ कळत नाही, नुसते ओठ हलवतात. सगळे समान नागरिक, विषय संपला. कराराची तत्त्वं संसदेने ठरवावीत अशा त्या सीमोर या नेत्याच्या विधेयकात चुकीचं काय होतं?

जुई_हॅमिल्टन

पक्या, अपराधी वाटून घ्या असं कुणी म्हटलंय? प्रार्थनेचं मान्य, ओठ हलवणारे आमच्याकडेही भरपूर आहेत.

पण मी राहते ते शहर ऐक. इथे किरिकिरिरोआ नावाचं माओरी गाव होतं. वायकाटोतले माओरी तेव्हा गहू पिकवत, स्वतःच्या पिठाच्या गिरण्या चालवत, ऑकलंडच्या बाजारात माल पाठवत. जुलै १८६३ मध्ये इंग्रजांचं सैन्य आत घुसलं. त्याच वर्षी कायदा झाला की 'बंडखोरां'ची जमीन जप्त करता येईल. बारा लाख एकर गेली. १८६४ मध्ये त्या जप्त जमिनीवर सैनिकांची वसाहत उभी राहिली आणि लढाईत मेलेल्या एका नौदल कॅप्टनचं नाव तिला मिळालं, हॅमिल्टन. माझं घर तिथे आहे. ते कुणी मागितलेलं नाही आणि मागूही शकत नाही, कारण खाजगी जमीन परत द्या अशी शिफारस करायची करारभंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या वायटांगी न्यायाधिकरणाला मुभाच नाही. १९९५ मध्ये वायकाटोला १७ कोटी डॉलर मूल्याची भरपाई आणि माफी मिळाली. राणी एलिझाबेथने त्या कायद्यावर स्वतः सही केली. पैसे सरकारचे, कारण घेणारंही सरकारच होतं. तू टॅक्स भरून इथली जुनी धरणं, रस्ते, विद्यापीठं वापरतोस ना? मग जुनं देणंही त्याच खात्यातलं.

आणि 'सगळे समान' हे इथल्या भारतीयांनी जरा जपून म्हणावं. तुझ्या ऑकलंडच्या दक्षिणेला पुकेकोहे आहे. १९२० च्या दशकात तिथेच 'व्हाइट न्यूझीलंड लीग' निघाली, भारतीय आणि चिनी भाजीवाल्या शेतकऱ्यांना हाकलायला. त्याच गावात माओरींना सिनेमात वेगळं बसवत. तिथे भारतीय आणि माओरी एकाच रांगेत उभे होते.

रोखठोक

विधेयकावर मात्र कुणीच बोललं नाही. मांडणाऱ्या सीमोरचे पूर्वजही माओरी आहेत बरं का!

खडकवाट (धागाकर्ता)

मी बोलतो. सीमोरचं म्हणणं होतं की कराराची तत्त्वं आता संसदेने ठरवावीत आणि ती सगळ्यांना सारखी लागू व्हावीत. करारातला एक पक्ष दुसऱ्याला न विचारता अर्थ ठरवणार, याला समानता म्हणत नाहीत. पूर्वज कोण याने त्यात फरक पडत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये हजारो लोक वेलिंग्टनला चालत गेले, संसदेत हाना-राविती माइपी-क्लार्क या तरुण खासदाराने विधेयकाची प्रत फाडून 'हाका' हे माओरी नृत्य केलं, आणि १० एप्रिल २०२५ ला ते ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं.

जुईताई, माझा मुद्दा इथेच येतो. ते विधेयक पाडलं ते करारातल्या हक्काच्या भाषेने, 'नदी आमची पूर्वज' या भाषेने नव्हे. माओरींचं खरं नुकसान कुठे झालं तेही बघा. १८६५ च्या कायद्याने पाच हजार एकरांपर्यंतच्या सामाईक जमिनीवर जास्तीत जास्त दहा नावं लावायची ठरवली. शेकडो माणसांची जमीन दहा जणांची झाली. ते दहा जण लांबच्या गावी कोर्टाच्या तारखांना खेटे घालत, तिथल्या दुकानदारांकडे उधारी चढे, आणि उधारी फेडायला जमीन विकली जाई. बंदुकीने गेली त्याहून कितीतरी जास्त जमीन पुढच्या काळात अशी सह्या-शिक्क्यांनी आणि खरेदीखतांनी गेली. नदीला व्यक्ती ठरवून त्या दहाच्या यादीबाहेर राहिलेल्यांच्या पणतवंडांना काय मिळालं?

पाणकळा

थोडं उलट बघा की. त्या कोर्टाला प्रत्येक तुकड्याला मालक हवा होता, म्हणून दहा नावं आली. सामाईक नातं कागदावर मांडायची सोयच नव्हती, आणि जे कागदावर नाही ते विकाऊ ठरलं. वांगानुईच्या कायद्याने १५० वर्षांनी कागदावर अशी जागा केली जिथे मालक नाही आणि तरी ती विकता येत नाही. पाणी वळवलेलं आहे हे खरं. पण ते परवाने कायमचे नाहीत. मुदत संपून ते नव्याने मागावे लागतील तेव्हा समोर नदी स्वतः पक्षकार असेल. १९६२ मध्ये ती नव्हती.

खडकवाट (धागाकर्ता)

विजेची गरज तेव्हा आजच्यापेक्षा जास्त असणार, आणि मानवी चेहऱ्यातला एक सरकारने नेमलेला असणार. मी वीज कंपनीवर पैज लावतो.

जुई_हॅमिल्टन

लावा. मी नदीवर लावते.