मुराचं स्थापनावर्ष कोणतं लिहायचं: 1924, 2005 की 2012?

चौथा_बॅक
स्लोव्हेनियातल्या फुटबॉल क्लबांची मराठी यादी करतोय. मुर्स्का सोबोता गावच्या मुरा या क्लबपाशी अडलोय. एका ठिकाणी स्थापना 1924 आहे, दुसरीकडे 2005, तिसरीकडे 2012. चषक एके ठिकाणी एक, तर दुसरीकडे दोन. गाव तेच, फझानेरिया मैदान तेच, काळा-पांढरा रंगही तोच. मग यादीत एक ओळ घालू की तीन?

जुना_स्कोअरर
तीन ओळी घाला. नाव सारखं दिसत असलं तरी संस्था तीन आहेत, आणि नावाआधीची अक्षरं बघितली की ते लगेच कळतं.

एनके मुरा, म्हणजे 'नोगोमेतनी क्लुब', फुटबॉल क्लब: 1924 ते 2005. 1993–94 आणि 1997–98 मध्ये लीगमध्ये दुसरा, 1995 चा चषक याचा. कर्जापायी बंद.

एनडी मुरा 05, म्हणजे 'द्रुश्त्वो', मंडळ: 2005 ते 2013. खालून वर आला, 2011–12 मध्ये पहिल्या लीगमध्ये तिसरा.

एनश मुरा, म्हणजे 'नोगोमेत्ना शोला', फुटबॉल शाळा: 2012 पासून. आजचा क्लब हाच. 2017–18 मध्ये दुसरी लीग जिंकली, 2020 चा चषक (अंतिम सामन्यात लेंदावाच्या नाफ्तावर 2–0) आणि 2020–21 चं विजेतेपद याचं.

स्लोव्हेनियन फुटबॉल संघटना तिघांचे आकडे वेगळे धरते. म्हणून 2021 चं विजेतेपद 'मुराचं पहिलं' असं लिहिलं तर ते तिन्ही अर्थांनी बरोबर. 'दोन चषक' मात्र लिहू नका, एक पहिल्या संस्थेचा आणि एक तिसरीचा आहे.

चौथा_बॅक
पण 2012 च्या उन्हाळ्यात मुरा युरोपा लीगच्या पात्रता फेरीत इटलीच्या लाझिओशी खेळला ना? वर्षभरात क्लबच नाही, हे कसं?

कॉर्नर_फ्लॅग
ते मुरा 05. लाझिओपर्यंत पोचण्याची गंमतही नोंदवून ठेवा: आधीच्या फेरीत कीवच्या आर्सेनलने मैदानावर हरवलं होतं, पण त्यांनी बंदी असलेला खेळाडू उतरवला होता, म्हणून सामना 3–0 असा मुराच्या खात्यात गेला. जुन्या निकालांच्या याद्यांत कधी मैदानावरचा आकडा दिसतो, कधी दिलेला. दोन्ही लिहा, नाहीतर पुढे कोणीतरी 'दुरुस्ती' करून चूक घालेल.

बंद पडण्यात वेगळं काही नाही. तिथले बहुतेक क्लब 'द्रुश्त्वो' म्हणून नोंदलेले असतात, आणि दरवर्षी संघटनेचा परवाना लागतो. पगार, कर, उसनवारी थकली की परवाना मिळत नाही, आणि त्या हंगामात क्लब त्या लीगबाहेर. मग गावातली माणसं नवं मंडळ नोंदवतात. कर्ज जुन्या संस्थेकडेच राहतं आणि पदकंही तिच्याकडेच. चाहत्यांना दुसऱ्या गोष्टीचा राग येतो, पण पहिलीचा फायदा घेतला तर दुसरी मान्य करावीच लागेल, असं माझं मत.

ल्युब्लानाच्या ओलिंपियाचं तेच झालं. जुना क्लब 2005 मध्ये संपला, बेझिग्राद नावाने नवा निघाला आणि पाचव्या स्तरापासून सलग चार बढत्या मिळवून 2009 मध्ये पहिल्या लीगमध्ये आला. 'ओलिंपिया ल्युब्लाना' हे नाव मधल्या काळात, 2008 मध्ये घेतलं. 1992 ते 1995 ची चार विजेतेपदं नव्याच्या नावावर नाहीत.

जुना_स्कोअरर
तपासायचं कसं, तेही सांगतो. स्लोव्हेनियाच्या व्यवसाय नोंदणीत (आयपेस नावाची सरकारी संस्था ती चालवते) क्लबही असतात. प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक आणि आठ आकडी कर क्रमांक असतो. नावाने शोधा, क्रमांक जुळवा. नाव बदललं पण क्रमांक तोच, तर क्लब तोच. क्रमांक नवा, तर संस्था नवी, मग जर्सीवर 1924 छापलेलं असू द्या.

1945 आधीच्या बातम्यांसाठी स्लोव्हेनियाचं डिजिटल ग्रंथालय आहे. 'यूत्रो' आणि 'स्लोवेनेत्स' ही दैनिकं पाहा. तीन अडचणी येतात. पहिली, विभक्ती: मुरा, मुरे, मुरो, मुरी अशी रूपं होतात, म्हणून फक्त 'मुरा' शोधलं तर निम्म्या बातम्या हुकतात. दुसरी, त्या काळी क्लबांच्या नावाआधी 'एस. के.' म्हणजे 'स्पोर्टनी क्लुब' असे. तिसरी, स्कॅनमधून ओळखलेल्या मजकुरात वर टोपीसारखी खूण असलेली अक्षरं बिघडतात, 'श' चा 'स' होतो.

आणि मुर्स्का सोबोता 1941 ते 1945 हंगेरियन ताब्यात होतं. त्या वर्षांसाठी 'मुरासोम्बात' हे हंगेरियन नाव टाकून बघा.

कॉर्नर_फ्लॅग
खालच्या लीगच्या नोंदींत आणखी एक खड्डा. तिसऱ्या लीगखाली नऊ आंतर-नगरपालिका संघटना आपापल्या लीग चालवतात, मुर्स्का सोबोता आणि लेंदावाच्या वेगवेगळ्या. तिसऱ्या लीगचे गट कितीदा तरी बदलले आहेत आणि दुसऱ्या लीगमधल्या संघांची संख्याही. त्यामुळे 'तिसऱ्या लीगमध्ये पहिला' एवढं पुरत नाही. कोणता हंगाम, कोणता गट, किती संघ, हे तीन रकाने ठेवा.

चौथा_बॅक
तीन ओळी, आणि 'याच गावाचा आधीचा क्लब' असा एक दुव्याचा रकाना ठेवतो. इंग्लंडच्या टॉटनहॅमला 2–1 हरवणारा तिसरा ना?

जुना_स्कोअरर
हो, तिसरा. 25 नोव्हेंबर 2021, कॉन्फरन्स लीग. आणि मैदानाच्या रकान्यात फझानेरिया लिहू नका, तो सामना मारिबोरच्या ल्युद्स्की व्र्तवर झाला.