हेडलाइटच्या काचा घासल्या की चकाकतात, पण टिकत नाहीत. काय करावं?

मंडळी, मदत हवी आहे.

गाडी जुनी, पण इंजिन ठणठणीत. रडगाणं फक्त हेडलाइटचं. दोन्ही काचा पिवळट, धुरकट झाल्यात आणि रात्री लो बीमवर रस्ता जेमतेम दिसतो. बल्ब बदलून झाले, होल्डरपाशी व्होल्टेजही बरोबर येतंय, म्हणजे दोष काचेचाच.

टूथपेस्ट घासून पाहिली. लगेच फरक पडला, पण थोड्याच दिवसांत येरे माझ्या मागल्या. आणखी एक पाहिलंय: गाडी धुताना काच ओली असेपर्यंत अगदी स्वच्छ दिसते, वाळली की परत दुधाळ. बॉनेटलगतच्या वरच्या भागात बोट फिरवलं तर खरखरीत लागतं, नखाने बारीक पापुद्रे सुटतात. खालचा भाग मात्र अजून गुळगुळीत आहे.

आता विचारायचं ते हे. फक्त वरचाच भाग घासला तर चालेल का? पॉलिश पेपर कोणत्या नंबरपासून घ्यावा? आणि मुख्य म्हणजे शेवटी वर काय लावायचं? कोणी वॅक्स म्हणतं, कोणी स्प्रेचा क्लिअर कोट (पारदर्शक थर). डासांचा स्प्रे मारून क्षणात काच साफ करणारे व्हिडिओही पाहिले, त्यावर विश्वास बसत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा (हेडलाइट टाकत नाहीत, निदान तुम्ही तरी टाका).

प्रतिसाद १

ओली असताना स्वच्छ दिसते ही चांगली बातमी आहे. वरच्या थरातले बारीक खड्डे पाण्याने भरून निघतात, प्रकाश विखुरत नाही, म्हणून काच नितळ वाटते. म्हणजे खराबी बाहेरच्या बाजूला आहे. ओली करूनही धुरकटच राहिली असती तर आतून खराब झाली असं धरा, तिथे बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही.

ही काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे एका प्लास्टिकची असते. त्याला मूळचं ऊन सोसत नाही, म्हणून कारखान्यातच वर यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) रोखणारा कडक थर दिलेला असतो. ऊन वरच्या बाजूला जास्त लागतं, त्यामुळे थर तिथूनच सुटायला लागतो. टूथपेस्टमधल्या बारीक खरखरीत कणांनी पिवळेपणा निघतो, पण खाली उरतं ते उघडं प्लास्टिक. ते पुन्हा पिवळं पडणारच.

म्हणून अर्धवट घासू नका. जुना थर पूर्ण काढा, नाहीतर जुन्या-नव्याच्या सीमेवर कड दिसते आणि नवा कोट तिथूनच उचलतो. पापुद्रे सुटताहेत म्हणजे ८०० पासून सुरू करा, मग १०००, १५००, २०००. पेपर आधी पाण्यात भिजवून ठेवा आणि घासताना पाणी मारत राहा. सुरुवातीला पिवळसर, चिकट पाणी ओघळेल. ते पांढरं यायला लागलं आणि सगळीकडे एकसारखा मॅटपणा आला की जुना थर गेला. एक नंबर आडवा घासला तर पुढचा उभा घासा, म्हणजे आधीचे ओरखडे राहिलेत का ते लगेच कळतं. लोक १००० वर घाई करतात आणि मग ऊन पडल्यावर ओरखडे मोजत बसतात.

कडेला मास्किंग टेप दुहेरी लावा. पेपर एकेरी टेप कधी फाडतो आणि बंपरचा रंग कधी उडवतो, पत्ता लागत नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. डासांच्या स्प्रेबद्दल सांगतो. त्यातलं डीट (डास पळवणारं रसायन) प्लास्टिक वरून मऊ करतं, थर फासला जातो आणि तेवढ्यापुरतं चकचकीत दिसतं. संरक्षण शून्य, आणि ओघळ रंगावर गेला तर रंगाचीही वाट. थिनर आणि ॲसिटोनही काचेजवळ आणू नका, पॉलिकार्बोनेटला जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे.

मूळ धागाकर्ता

खूप आभार, बरंच स्पष्ट झालं. म्हणजे २००० नंतर कंपाउंडने (पॉलिशच्या पेस्टने) बफिंग, म्हणजे घासून चकाकवणं, करून आरशासारखी चकाकी आणायची आणि मग क्लिअर कोट मारायचा, बरोबर?

प्रतिसाद १

नाही, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. क्लिअर कोट मारायचा असेल तर चकाकी आणूच नका. गुळगुळीत पृष्ठभागावर कोट धरत नाही, शिवाय कंपाउंडमधलं तेल मागे राहतं. २००० चा मॅटपणा ठेवा, अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि स्प्रे करा. पाण्याने जे तात्पुरतं होत होतं तेच हा कोट कायमचं करतो: ओरखडे भरतो आणि काच नितळ दिसते. पहिला हात अगदी विरळ, नंतरचे डब्यावर लिहिलेलं अंतर सोडून. साधा लॅकर नको, यूव्ही संरक्षण असलेलाच घ्या.

हार्डनरवाला दोन भागांचा क्लिअर जास्त टिकतो, पण त्यात आयसोसायनेट, श्वासावाटे गेल्यास घातक रसायन, असतं. कापडी मास्क त्याला पुरत नाही. कार्बन फिल्टरचा, रंगकामासाठीचा मास्क नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. आणि डब्याचं बटण दाबून हार्डनर एकदा मिसळला की तो ठरावीक वेळातच संपवावा लागतो, म्हणून दोन्ही काचा आधी तयार ठेवा.

स्प्रेच नको असेल तर ३००० पर्यंत घासून कंपाउंड मारा आणि वर यूव्ही सीलंट लावा. सोपं आहे, पण ते अधूनमधून पुन्हा लावणं आलं. वॅक्स त्याहून लवकर उतरतं.

प्रतिसाद ३

कामासाठी हेडलाइट काढून घेतलेत तर परत बसवल्यावर भिंतीसमोर गाडी उभी करून बीमची उंची तपासा. काच नितळ झाली की प्रकाश एकदम वाढतो, आणि बीम वर गेलेला असला तर समोरच्याचे डोळे दिपतात.