सेठजींना 'सस्टेनेबल मॉडेल' पाहिजे, निवडायचं कसं?

सांवेररोडवाला:
नमस्कार मंडळी, मी इंदूरला सांवेर रोडवर एका नमकीनच्या कारखान्यात मॅनेजर आहे, सेठजी कुठल्याशा सेमिनारला जाऊन आले आणि तेव्हापासून एकच धोशा, आपलंही सस्टेनेबल बिझनेस मॉडेल पाहिजे, म्हणजे धंदाही चालावा आणि कचरा, इंधनही वाचावं, पुढच्या मीटिंगला एक निवडून सांग. तीन पर्याय आहेत. गिऱ्हाइकाला डिपॉझिटवर स्टीलचा डबा, रिकामा आणला की भरून द्यायचा. छतावर ऑपेक्सवालं सोलर, म्हणजे पॅनल त्या कंपनीचे, आपण फक्त युनिटचे पैसे भरायचे. नाहीतर कढईतलं वापरलेलं तेल बायोडिझेलवाल्यांना, म्हणजे त्यापासून गाडीचं इंधन बनवणाऱ्यांना, विकायचं. पीपीटीत तिन्ही एकदम झकास दिसतात हो. कुणी खरंच केलंय का असलं काही?

राजवाड्याचा_राजू:
भिया, आधी सॅम्पलला अर्धा किलो लौंग सेव पाठवा, मग सल्ला 😄

हिशेबी_मावशी:
राजू गप्प बस जरा. हे बघ बाळा, डब्याचा हिशेब कागदावर मांड. समजा डबा 120 रुपयांचा, पाउचचा खर्च 8 रुपये, आणि डबा परत आणणं-धुणं-वाळवणं याला 6 रुपये. म्हणजे एका फेरीला वाचले 2, डबा 60 वेळा परत आला तर कुठे त्याची किंमत निघाली. तुझे आकडे वेगळे असतील पण मांडून तर बघ. आणि आपल्याकडे स्टीलचा डबा एकदा घरात गेला की त्यात डाळ भरली जाते, डिपॉझिट गेलं तर गेलं, मीसुद्धा परत करणार नाही 😀

सोलरचं विचारते, शेड स्वतःची आहे का भाड्याची? ऑपेक्सचा करार 15-25 वर्षांचा असतो, मधेच सोडलात तर पॅनल विकत घ्या नाहीतर दंड भरा असं कलम असतं, ते बारीक अक्षरातलं आधी वाच.

सांवेररोडवाला:
भाड्याची आहे मावशी, आणि करार दर दोन वर्षांनी रिन्यू होतो. म्हणजे सोलर गेलं.

हिशेबी_मावशी:
गेलंच. मालक सही करेल का तेही बघावं लागलं असतं.

तेलकट_गणित:
तेलाबद्दल मी सांगतो, फरसाणच्या लाइनीतच आहे. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, नियम 2018 पासून आहे, तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल तळायला चालत नाही, आणि 2019 पासून रोज 50 लिटरच्या वर तेल लागत असेल तर रजिस्टर ठेवून अधिकृत वाल्यालाच द्यायचं. म्हणजे हे मॉडेल वगैरे काही नाही, कायद्याने करायचंच आहे. शिवाय शेवेच्या कढईत उरतं किती? तेल शेवच पिऊन जाते, आपण वरून ताजं ओतत राहतो. समोसे कचोरीवाल्यांचं वेगळं, त्यांच्याकडे उरतं. तुमच्याकडे महिन्याला दोन-चार डबे निघतील, त्यावर मीटिंग कसली.

रिटायर्ड_इंजिनियर_स्नेहनगर:
एक गोष्ट विचारायची राहून जाते, माल परत कोण आणणार आणि त्याला त्यात काय मिळणार. आपल्याच देवगुराड़ियाचा बायो-सीएनजी प्लांट घ्या, 19 फेब्रुवारी 2022 ला सुरू झाला, रोज 550 टन ओल्या कचऱ्याची क्षमता. पालिकेने त्यात पैसा घातला नाही, उलट कंपनीच पालिकेला दरवर्षी रक्कम देते, आणि गॅसवर सिटी बसेस चालतात. हे जमलं कशामुळे? मशीन तर कुठेही मिळतं, पण इथे लोक ओला-सुका घरातच वेगळा करतात आणि गाडी रोज दारात येते. कच्चा माल आयता पोचतो.

उलटं उदाहरण अमेरिकेतल्या इंटरफेसचं, गालिचे बनवते. 1990 च्या दशकात त्यांनी गालिचे विकायच्या ऐवजी भाड्याने द्यायची योजना काढली, झिजला तुकडा की बदलून देऊ आणि जुना परत नेऊ. कल्पना सुंदर, पण गिऱ्हाइकाकडे खरेदीचं बजेट वेगळं आणि देखभालीचं वेगळं, हप्ता जड वाटला, फारशी चालली नाही. मॅनेजर लोक स्वतःचा फायदा मोजतात, समोरच्याच्या खात्यात तो कुठे दिसेल ते बघत नाहीत.

तुम्ही घरगुती गिऱ्हाइकाचा नाद सोडा. सियागंज, मारोठिया बाजार या आपल्या बाजारपेठांतल्या दुकानांकडे सुटा माल कशात जातो?

सांवेररोडवाला:
मोठ्या प्लास्टिकच्या थैल्या, वरून खोका. रोज आपलाच टेम्पो जातो आणि रिकामा परत येतो.

रिटायर्ड_इंजिनियर_स्नेहनगर:
मग झालं की! झाकणाचे क्रेट घ्या, सकाळी भरलेले उतरवायचे, कालचे रिकामे उचलायचे. दुकान तेच, रस्ता तोच, गाडी कशीही परत येतेच आहे, तर आणण्याचा खर्च जवळपास शून्य. दुकानदाराला खोके फाडत बसायची कटकट नाही. क्रेटवर नंबर टाका आणि ड्रायव्हरच्या चलनावर (माल पोचवल्याच्या पावतीवर) रिकाम्यांचा रकाना वाढवा, नाहीतर महिन्याभरात अर्धे क्रेट दुकानदारांच्या भाज्या ठेवायला लागतील.

तेलकट_गणित:
+1. पण पावसाळ्यात शेव सादळते, झाकणाला रबराची किनार आहे का बघून घ्या, नाहीतर माल रिटर्न. आणि धुतलेला क्रेट पूर्ण वाळल्याशिवाय भरू नका.

सांवेररोडवाला:
काका, मावशी, धन्यवाद. आधी पाच-सहा दुकानांना देऊन बघतो, सेठजींना पीपीटीऐवजी टेम्पोचं चलनच दाखवतो. असे फूड ग्रेड, किनारवाले क्रेट इंदूरमध्ये ठोकमध्ये कुठे मिळतात कुणाला माहितीये का?