मदत हवी आहे: कंटेनर क्वेरी लावली की पुस्तकांची कार्डं गायब होतात

नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयाची पुस्तकयादी वेबवर आणतोय. एका पुस्तकाचं एक कार्ड: मुखपृष्ठ, नाव, लेखक आणि खाली पुस्तक जागेवर आहे की बाहेर गेलंय ते. हेच कार्ड तीन ठिकाणी येतं. शोधाच्या निकालात, उजवीकडच्या साइडबारमध्ये (रुंदी २८० पिक्सेल) आणि वर 'नवी आवक' म्हणून आडवी सरकणारी ओळ आहे तिथे.

जागा असेल तर मुखपृष्ठ डावीकडे आणि मजकूर उजवीकडे, नसेल तर एकाखाली एक, एवढंच हवंय. आधी मीडिया क्वेरी वापरली, पण ती स्क्रीन मोजते. १३६६ पिक्सेलच्या लॅपटॉपवर साइडबारमधलं कार्डही आडवं होतं आणि पुस्तकाचं नाव दोन-दोन अक्षरांत तुटतं.

म्हणून कंटेनर क्वेरीकडे वळलो, म्हणजे स्क्रीनऐवजी घटक ज्या डब्यात (कंटेनरमध्ये) आहे त्याची रुंदी बघणाऱ्या सीएसएसच्या अटीकडे. कार्डालाच 'कंटेनर-टाइप: इनलाइन-साइझ' (म्हणजे याची रुंदी अटीसाठी मोज) दिलं आणि ४०० पिक्सेलच्या पुढे कार्डाची 'फ्लेक्स-डिरेक्शन' 'रो' (आडवी मांडणी) कर असं लिहिलं. झालं असं की शोधाच्या निकालात, कार्ड ७०० पिक्सेल रुंद असूनही, काहीच बदललं नाही. आणि 'नवी आवक'मधली कार्डं चक्क दिसेनाशी झाली, ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये रुंदी शून्य. दोन रात्री यात गेल्या. हे सोडून जावास्क्रिप्टने, रिसाइझ ऑब्झर्व्हर (घटकाचा आकार बदलला की कळवणारी सोय) लावून करू का? शिवाय वाचनालयातला संगणक अजून विंडोज ७ वर आहे, त्यावर हे चालेल का?

प्रतिसाद १

जावास्क्रिप्टकडे जाऊ नका. ते उतरेपर्यंत कार्ड चुकीच्या रूपात दिसेल आणि मग उडी मारेल.

तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. कंटेनरची रुंदी बघून आतला मजकूर बदलायचा, आणि आतल्या मजकुरामुळे कंटेनरची रुंदी बदलली तर? ४०० च्या पुढे गेला म्हणून आडवा, आडवा झाल्यावर ३९० म्हणून उभा, उभा झाला की पुन्हा ४१०. हे फिरणं कधी थांबणारच नाही. म्हणून 'इनलाइन-साइझ' दिलं की ब्राउझर आतला मजकूर रुंदी ठरवताना धरतच नाही, आणि कंटेनरला स्वतःबद्दलची अट स्वतःलाच लावता येत नाही. ती फक्त आतल्या घटकांना लागते.

तेव्हा 'एलआय'ला (यादीतल्या एका नोंदीचा टॅग) कंटेनर करा आणि कार्ड त्याच्या आत ठेवा. निकालातली अडचण तिथेच संपेल. 'नवी आवक'मध्ये 'एलआय' फ्लेक्सच्या ओळीत आहेत आणि त्यांची रुंदी मजकुरावरून ठरत होती. मजकूर मोजायचाच नाही म्हटल्यावर शून्य येणारच. तिथे रुंदी बाहेरून द्या: 'फ्लेक्स: ० ० २२० पिक्सेल', म्हणजे वाढू नको, आकसू नको, २२० वरच राहा.

प्रतिसाद २

विंडोज ७ ची काळजी नको. क्रोममध्ये ही सोय २०२२ साली १०५ व्या आवृत्तीत आली आणि विंडोज ७ वर क्रोम १०९ पर्यंत चढतं. फायरफॉक्स ११० पासून, सफारी १६ पासून. अडतील ते जुने आयपॅड, उदाहरणार्थ एअर २, जे आयपॅडओएस १५ वरच, म्हणजे सफारी १५ वरच, थांबलेत. म्हणून एकाखाली एक ही मांडणी मूळ नियमात ठेवा आणि आडवी फक्त कंटेनर क्वेरीत लिहा. जुना ब्राउझर ती अख्खी सोडून देईल, पण कार्ड वाचता येईल.

नावाचा अक्षराकारही जागेप्रमाणे बदलता येतो. एक 'सीक्यूआय' म्हणजे कंटेनरच्या रुंदीचा शंभरावा भाग. पण तो नुसता देऊ नका, किमान-कमाल मर्यादा घालणाऱ्या 'क्लॅम्प'मध्ये बसवा: किमान १ रेम (पानाच्या मूळ अक्षराकाराएवढं), मधे ४ सीक्यूआय, कमाल १.५ रेम. नाहीतर साइडबारमध्ये अक्षर ११ पिक्सेलवर येईल आणि त्या आकारात 'द्ध' की 'द्व' ते कळणार नाही. नाव दोन ओळींत कापत असाल तर लाइन-हाइट (ओळीची उंची) १.५ च्या खाली नेऊ नका, उकार आणि वेलांट्या छाटल्या जातात.

मूळ धागाकर्ता

झालं! 'एलआय' कंटेनर केला आणि निकालातली कार्डं लगेच आडवी झाली. 'नवी आवक'ला २२० कमी वाटले, २४० ठेवले. उकारांचं तर मला कळलंच नव्हतं, 'गुरुचरित्र'मधल्या 'गु'चा उकार खालून कापला जात होता आणि मी फॉन्टला दोष देत होतो. दोघांचेही मनापासून आभार. उद्या ग्रंथपाल बाईंना त्यांच्याच संगणकावर दाखवतो, आणि जुना आयपॅड कुणाकडे मिळाला तर तोही तपासून इथे लिहितो.