२५ जूनच्या आधीचं

"आणीबाणी एका रात्रीत आली, दिल्लीत वर्तमानपत्रांची वीज तोडली तेव्हाच लोकांना कळलं," असं तुम्ही लिहिलंय. मला नाही पटत. १९७५ च्या त्या रात्रीची हत्यारं आधीच घासूनपुसून ठेवलेली होती.

मिसा, म्हणजे खटला न चालवता माणसाला कैदेत ठेवू देणारा कायदा, १९७१ चा. १९७४ मध्ये तो तस्करांना लावला, तेव्हा लोक खूशच झाले. तस्करांचा कळवळा कुणाला येणार? (खरं तर कान तिथेच टवकारायला हवे होते.) त्याच वर्षीच्या मे महिन्यात रेल्वे संपात हजारो कामगार आत गेले, लोकांच्या लक्षात राहिल्या त्या रखडलेल्या गाड्या.

त्याआधी, एप्रिल १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला: संसदेला राज्यघटनेची मूळ चौकट बदलता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सुनावलं. लगोलग सरकारविरुद्ध कौल देणाऱ्या शेलाट, हेगडे, ग्रोव्हर या तीन न्यायमूर्तींची ज्येष्ठता डावलून अजितनाथ रे सरन्यायाधीश झाले. तिघांनीही राजीनामे दिले. वकील मंडळी संतापली, पण बाहेर कुणाला ते आपलं दुखणं वाटलं?

आणि १९७१ च्या युद्धात परकीय आक्रमणाच्या कारणाने लावलेली बाह्य आणीबाणी तर कधी उठवलीच नव्हती! साडेतीन वर्षं ती लागूच होती, आणि आपण सिनेमाची तिकिटं काढत होतो.