शाळा पालक निवडतात की शाळा मुलं निवडते?

मेधा_रिचमंड
खासगी शाळेच्या फीसाठी पालकांना सरकारी पैसा देणारी राज्यं अमेरिकेत वाढत चालली आहेत. दक्षिणेत हा पैसा एकेकाळी कशासाठी वापरला, ते विसरून ही चर्चा होऊ नये.

सुप्रीम कोर्टाच्या 1954 च्या ब्राउन निकालाने वर्णावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यातल्या पाच खटल्यांपैकी एक व्हर्जिनियाच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीतला. तिथल्या मोटन हायस्कूलमध्ये जागा पुरेना म्हणून काळ्या मुलांचे वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्यांत भरत. 1951 मध्ये 16 वर्षांच्या बार्बरा जॉन्सने त्याविरुद्ध मुलांचा संप घडवला. पुढे 1959 मध्ये गोऱ्या-काळ्या मुलांची एकत्र शाळा भरवायची वेळ आली, तेव्हा काउंटीने सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या! गोऱ्यांसाठी खासगी अकादमी निघाली आणि वर्षभरात तिच्या फीला सरकारी अनुदान मिळू लागलं. काळी मुलं कुणी चर्चच्या तळघरात शिकली, कुणी परराज्यात नातेवाइकांकडे गेली. कितीतरी घरीच राहिली. 1964 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतरच शाळा उघडल्या.

सुहास_मिलवॉकी
मेधाताई, प्रिन्स एडवर्डबद्दल वादच नाही. पण आजची व्हाउचर योजना, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसा, 1990 मध्ये आमच्या मिलवॉकीत सुरू झाली, आणि ती रेटून नेली पॉली विल्यम्स या काळ्या डेमोक्रॅट आमदार बाईंनी. गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा एक करायच्या, त्या एकत्रीकरणाच्या नावाखाली बसने लांब धाडली जायची ती बहुतेक काळीच मुलं, याची त्यांना चीड होती. योजना फक्त गरीब घरांसाठी होती. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत. शिवाय 1976 पासून खासगी शाळेलाही वर्णावरून प्रवेश नाकारता येत नाही. आणि सरकारी शाळा तरी कुठे सगळ्यांना खुल्या आहेत? डेट्रॉइटच्या उपनगरांना एकत्रीकरणातून 1974 मध्ये सुप्रीम कोर्टानेच वगळलं. आपली मराठी मंडळीही घर घेताना आधी स्कूल डिस्ट्रिक्ट बघतात, कारण घर ज्या हद्दीत, त्याच हद्दीतली सरकारी शाळा मिळते. ज्याला तिथलं घर परवडत नाही, त्याने काय करायचं?

अनघा_के
सुहासदादा, घरांचा मुद्दा शंभर टक्के पटला. पण नुसत्या मोकळ्या निवडीने काय होतं, ते व्हर्जिनियाच्याच न्यू केंट काउंटीत दिसलंय. तीन वर्षं 'हवी ती शाळा घ्या' म्हणून सांगितलं. काळ्यांच्या शाळेत एकही गोरं मूल आलं नाही आणि 85 टक्के काळी मुलं तिथेच राहिली. 1968 मध्ये कोर्टाने ती योजना अपुरी ठरवली.

मेधा_रिचमंड
सुहास, मिलवॉकीची मूळ अट, म्हणजे गरिबांनाच पैसा आणि प्रवेश सोडतीने, मला आजही मान्य आहे. पण उत्पन्नाची मर्यादा सैल करायला निघाले तेव्हा खुद्द विल्यम्सबाईंनीच विरोध केला होता. ॲरिझोनाने 2022 मध्ये सरसकट सगळ्यांना पैसा खुला केला. तिथे मुलाची परीक्षा, मुलाखत घेऊन नाही म्हणायचा हक्क शाळेकडेच आहे, आणि वरची फी पालकांच्या खिशातून. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला सोडत सक्तीची करा, मग मी तुमच्या बाजूने.

सुहास_मिलवॉकी
सोडत मान्य. पण सरकारी शाळांच्या हद्दींनाही तोच नियम लावा. उपनगरातल्या शाळेतही शहरातल्या मुलाची चिठ्ठी निघू दे.