विषय: सदस्य-ॲपचं कॅलेंडर फोनवर ताजं का राहत नाही?

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

ॲपमधल्या ‘कॅलेंडरमध्ये जोडा’ या बटणाबद्दल तीन तक्रारी वारंवार येतात. कार्यक्रमाची वेळ बदलली तरी फोनवर जुनीच दिसते, काहींना एकच कार्यक्रम दोनदा दिसतो, आणि अँड्रॉइड फोनवर ॲपने दिलेली कॅलेंडरची लिंक टाकायची जागाच सापडत नाही. सभासदांना काय सांगायचं ते कृपया नीट लिहून द्यावं.

प्रेषक: ॲप समिती

नमस्कार,

पहिल्या दोन तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. सभासदाने सबस्क्राइब केलेलं नसतं (म्हणजे कॅलेंडर अधूनमधून पुन्हा वाचेल अशी लिंक जोडलेली नसते), फाइल इम्पोर्ट केलेली असते. आयसीएस फाइल (कार्यक्रमांची यादी असलेली कॅलेंडरची फाइल) डाउनलोड करून तिच्यातले कार्यक्रम कॅलेंडरमध्ये घेतले की ती त्या क्षणाची प्रत झाली. ॲपमध्ये नंतर काहीही बदललं तरी त्या प्रतीपर्यंत ते पोहोचत नाही. पुढे तोच सभासद लिंकही जोडतो आणि प्रत व लिंक दोन्ही शेजारी-शेजारी दिसू लागतात.

ओळखायचं असं: कार्यक्रम उघडा. त्याची वेळ तुम्हाला स्वतः बदलता येत असेल तर ती प्रत आहे. सबस्क्रिप्शनमधला कार्यक्रम फक्त वाचता येतो आणि वेगळ्या कॅलेंडरच्या नावाखाली येतो. प्रती एकेक करून पुसा. गूगलमध्ये मुख्य कॅलेंडरच डिलीट करायला गेलात तर त्यातलं सगळं जाईल, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटसकट.

अँड्रॉइडबद्दल: गूगल कॅलेंडरच्या फोनवरच्या ॲपमध्ये लिंक टाकायची सोयच नाही, त्यामुळे शोधण्यात वेळ घालवू नका. संगणकाच्या ब्राउझरमध्ये गूगल कॅलेंडर उघडा, डावीकडे ‘अदर कॅलेंडर्स’शेजारचं अधिकचं चिन्ह दाबा, ‘फ्रॉम यूआरएल’ निवडा आणि लिंक चिकटवा. लिंकची सुरुवात ‘वेबकॅल’ अशी असेल आणि ती नाकारली गेली, तर तेवढ्या शब्दाच्या जागी ‘एचटीटीपीएस’ लिहा, बाकी काही बदलू नका. मग फोनवरच्या ॲपमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन या नव्या कॅलेंडरचं ‘सिंक’ चालू आहे का ते पाहा. ते बंद असलं तर संगणकावर दिसतं, फोनवर नाही. संगणक हाताशी नसेल तर आयसीएसएक्स५ हे मुक्त स्रोत ॲप फोनवरूनच लिंक जोडतं.

आणि जोडल्यावर धीर धरा. गूगल ही लिंक स्वतःच्या वेळापत्रकाने वाचतं. बदल दिसायला १२ तास लागू शकतात असं ते स्वतःच सांगतात, कधी त्याहून जास्तही लागतात, आणि ‘आत्ता वाच’ असं सांगणारं बटण तिथे नाही. आउटलुकमध्येही कधी २४ तासांहून जास्त थांबावं लागू शकतं. म्हणून शेवटच्या दिवशी बदललेली वेळ किंवा जागा कॅलेंडरच्या भरवशावर सोडू नये. ती ईमेल आणि ॲपच्या सूचनेनेच कळवावी.

प्रेषक: एक सभासद (आयफोन आणि मॅक)

> बदल दिसायला १२ तास लागू शकतात

ॲपलच्या बाजूला हे बरंचसं आपल्या हातात असतं, म्हणून त्याची भर घालते. आयफोनवर कॅलेंडर ॲपमध्ये खाली ‘कॅलेंडर्स’, मग ‘ॲड कॅलेंडर’, मग ‘ॲड सबस्क्रिप्शन कॅलेंडर’. मॅकवर ‘फाइल’ मेनूत ‘न्यू कॅलेंडर सबस्क्रिप्शन’. मॅकवर ‘ऑटो-रिफ्रेश’ पाच मिनिटांपासून आठवड्यापर्यंत ठरवता येतो. तासाभराचा पुरेसा आहे, त्याहून कमी ठेवून सर्व्हरवर उगाच भार टाकू नये. जागा म्हणून ‘आयक्लाउड’ निवडलं तर तेच कॅलेंडर सगळ्या उपकरणांवर येतं.

ज्यांनी गूगलमध्ये जोडलं आहे आणि आयफोनच्या कॅलेंडरमध्ये गूगल खातं वापरतात, त्यांना एक जास्तीची पायरी लागते. गूगल कॅलेंडरच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘सिंकसिलेक्ट’ लावलं की (सगळं इंग्रजी लिपीत, मध्ये जागा न सोडता) एक यादी उघडते. तिथे आपल्या कॅलेंडरपुढे खूण करून सेव्ह करावं लागतं. ही पायरी राहिली की लोक पुन्हा पुन्हा लिंक काढतात आणि जोडतात, आणि फरक काहीच पडत नाही.

दोन प्रश्न समितीला. उन्हाळी वेळेसाठी घड्याळं पुढे-मागे झाल्यावर साप्ताहिक सराव एक तास सरकलेला का दिसतो? आणि काही लांब मराठी शीर्षकांत मध्येच प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन का येतो?

प्रेषक: ॲप समिती

ताई, दोन्ही दोष सभासदाच्या फोनचे नाहीत, आपल्या फीडचे (लिंकमागे ॲप जो मजकूर तयार करतं त्याचे) आहेत.

तासाचा घोळ असा होतो: दर आठवड्याचा कार्यक्रम एकदाच लिहून ‘दर शनिवारी’ असा नियम दिलेला असतो, पण सुरुवातीची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. यूटीसी उन्हाळी वेळ पाळत नाही, म्हणून स्थानिक घड्याळ सरकलं की सराव सरकतो. पुन्हा पुन्हा होणारा कार्यक्रम स्थानिक वेळेत, टाइमझोनच्या नावासह लिहिला पाहिजे. एकदाच होणारा कार्यक्रम यूटीसीत लिहिला तर काही बिघडत नाही. टाइमझोन अजिबातच न लिहिणं मात्र सगळ्यांत वाईट, कारण मग प्रवासात असलेल्या माणसाला तो जिथे आहे तिथली वेळ दिसते.

शीर्षकाचं कारण बारीक आहे. अशा फाइली कशा लिहायच्या ते ठरवणाऱ्या आयकॅलेंडर मानकानुसार (आरएफसी ५५४५, २००९) एक ओळ ७५ बाइटपेक्षा लांब नसावी, लांब असली तर तोडून पुढची ओळ एका रिकाम्या जागेने सुरू करावी. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन बाइटचं, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. शीर्षकाच्या ओळीआधी येणारा इंग्रजी लिपीतला ‘समरी’ हा शब्द आणि कोलन (अपूर्णविराम) मिळून आठ बाइट गेले की शीर्षकाला उरतात ६७, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ॲप डोळे मिटून पंच्याहत्तराव्या बाइटवर तोडत असेल तर एखादं चिन्ह मधोमध चिरलं जातं. काही कॅलेंडरं ते सांधून घेतात, काहींना ते जमत नाही. ॲप बनवणाऱ्यांना सांगायचं ते एवढंच: ओळ तोडा, पण चिन्हाच्या सीमेवर. तोवर शीर्षक २० चिन्हांच्या आत ठेवा, तपशील वर्णनात लिहा.

दोन दिवसांचा कार्यक्रम एकच दिवस दिसतो, हेही असंच. पूर्ण दिवसाच्या नोंदीत शेवटची तारीख धरली जात नाही. १४ आणि १५ तारखेसाठी फीडमध्ये शेवट १६ लिहावा लागतो.

रद्द झालेला कार्यक्रम फीडमधून गुपचूप काढू नये असं माझं ठाम मत आहे. तो नाहीसा झाला की सभासदाला वाटतं आपलंच कॅलेंडर बिघडलं. शीर्षकाच्या सुरुवातीला ‘रद्द’ लिहून, नोंदीची स्थितीही ‘रद्द’ अशी करून, तारीख उलटेपर्यंत तो ठेवावा. नोंदीचा यूआयडी (तिचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) मात्र कधीही बदलू नये. कॅलेंडर त्यावरूनच ओळखतं की हा जुनाच कार्यक्रम आहे, नवा नाही.

प्रेषक: सचिव

दोष फीडचा की सभासदाच्या बाजूचा, हे आम्ही फोनवर कसं ठरवायचं?

प्रेषक: ॲप समिती

सभासदाला लिंक ब्राउझरच्या खासगी विंडोत, लॉगिन न करता उघडायला सांगा. फाइल डाउनलोड झाली, किंवा ‘बिगिन’ आणि ‘व्हीकॅलेंडर’ने सुरू होणारा मजकूर दिसला, तर लिंक ठीक. लॉगिनचं पान आलं तर लिंक चुकीची आहे. गूगल आणि आउटलुकचे सर्व्हर लिंक स्वतः वाचतात, त्यामुळे सभासद फोनवर लॉगिन असला तरी त्याचा उपयोग नाही. मजकुरात नवी वेळ असेल आणि कॅलेंडरमध्ये जुनी, तर थांबणं हाच उपाय. मजकुरातच जुनी वेळ असेल तर आम्हाला कळवा.

अशी लिंक लॉगिनशिवाय उघडते, म्हणूनच ती गुप्त ठेवायची. प्रत्येकाची लिंक वेगळी असते आणि ती ज्याच्या हाती पडेल त्याला त्या सभासदाची नावनोंदणी दिसू शकते. स्क्रीनशॉट पाठवताना ती झाका, या ईमेल-यादीवर चिकटवू नका. चुकून गेलीच तर ॲपमधून नवी लिंक काढा, कॅलेंडरमधलं जुनं सबस्क्रिप्शन हाताने काढून टाका आणि मग नवी जोडा. जुनं तसंच ठेवलं तर आधी वाचलेले कार्यक्रम काही कॅलेंडरांत दिसत राहतात, पण त्यांत बदल येणं थांबलेलं असतं.